'वॉशआउट' कोणामुळे?

इंग्रजीतील 'वॉशआउट' या शब्दाचे दोन अर्थ आहेत : पाण्याने माती वाहून नेणे आणि एखाद्या उद्योगाचा पुरता बोजवारा उडणे. मराठीतही कष्ट आणि पैसा 'पाण्यात जातो'. या प्रयोगांत एक सोय आहे. कर्ता दिसत नाही; सारा दोष पाण्याच्या माथी मारता येतो. मुळशी तालुक्यात मात्र कर्ता लपत नाही.

वरसगावच्या जलाशयाकाठी, राज्य शासनाच्या 1996 च्या गिरिस्थान धोरणाच्या आधाराने, लवासा हे नगर उभे राहू लागले. 2008 मध्ये नियोजनाचे अधिकारही खुद्द कंपनीलाच मिळाले. बांधणारा तोच आणि परवानगी देणाराही तोच! नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण खात्याने काम थांबविण्यास बजावले. 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जुलै 2024 च्या अतिवृष्टीत तेथे दरड कोसळून बंगले गाडले गेले. शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच डोंगरावर खरे ठरले.

सह्याद्रीत पाऊस युगानुयुगे कोसळत आहे. रस्त्यासाठी उताराचा पायथा कापला, झाडी तोडली, ओढे वळविले की कातळावरचा मातीचा थर आधार गमावतो. पाणी मुरून तो जड होतो आणि घसरतो. सुटलेला गाळ अखेर पुणेकरांना पाणी पुरविणाऱ्या जलाशयातच जातो. याला निसर्गाचा कोप म्हणणे म्हणजे गुन्हेगाराला साक्षीदार ठरविणे होय.

याच तालुक्यात 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापटांनी तुरुंगवास भोगला. 1924 पर्यंत लढा ओसरला, धरण झाले, गावे बुडाली आणि पाणी भिऱ्याच्या वीजगृहाकडे वळले. व्यवहारी माणूस या लढ्यालाही 'वॉशआउट' म्हणेल. परंतु ज्याची जमीन त्याची संमती, हा त्याचा प्रश्न बुडाला नाही. खाजगी कंपनीसाठी जमीन संपादन करताना 80 टक्के बाधितांच्या संमतीची अट 2013 च्या कायद्यात आली, ती अशाच लढ्यांच्या रेट्यामुळे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. उतारांवरील प्रत्येक बांधकाम ग्रामसभेच्या संमतीने आणि स्वतंत्र भूवैज्ञानिक तपासणीनंतरच व्हावे. नियोजनाचा अधिकार विकासकाच्या हाती कधीही जाऊ नये. एरवी नफा मुंबईला जाईल, माती धरणात जाईल आणि दोष तेवढा पावसाच्या वाट्याला येईल.