लंडनच्या रुग्णवाहिका आणि संगणक

लंडनच्या रुग्णवाहिका सेवेत दूरध्वनीवरील मजकूर कागदी चिठ्ठीवर उतरवून सरकत्या पट्ट्यावरून पुढे धाडला जाई. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी हे सारे काम एकदम संगणकाकडे सोपवण्यात आले. ८१ ज्ञात दोष तेव्हाही दुरुस्त व्हायचे होते. कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षणही अपुरेच. गाड्या नेमक्या कोठे आहेत, हेच यंत्रणेला उमगेना. एका रुग्णाकडे दोन गाड्या, दुसऱ्याकडे एकही नाही! पुढे प्रोग्रॅममध्ये राहून गेलेल्या एका लहानशा तुकड्याने सर्व्हरची मेमरी भरली आणि ४ नोव्हेंबरला यंत्रणा बंदच पडली. नव्या प्रमुखांनी घाई टाळली, हा त्यांचा खरा विवेक. नियंत्रण कक्षातील माणसांचे ऐकून त्यांनी १९९६ मध्ये प्रथम केवळ दूरध्वनी नोंदवण्यासाठी संगणक आणला. बाकीची कामे टप्प्याटप्प्याने त्यानंतर.