चौकटीबाहेरचे आईबाप

घरातील बहुतेक छायाचित्रे ज्याने काढली, त्याचेच छायाचित्र घरात सापडत नाही. आणि जिने मुलांना न्हाऊमाखू घातले, केस विंचरले, नवे कपडे चढवून कॅमेऱ्यापुढे उभे केले, तिच्या पदराचे टोक तेवढे एखाद्या कडेला दिसते. या प्रकाराला आपण वात्सल्य म्हणतो, निरहंकारही म्हणतो. माझ्या मते ही मुलांची फसवणूक आहे.

पूर्वी असे नव्हते. वर्षादोनवर्षांनी स्टुडिओत जाऊन एकच फोटो काढून घेण्याची ऐपत होती, त्या काळी वडील खुर्चीवर, आई शेजारी, मुले पुढ्यात आणि मागे रंगविलेला पडदा, अशी सारी मंडळी चित्रात येत. कारण काळ्या कापडाखाली डोके घालणारा मनुष्य परका असे. कॅमेरा घरात आला आणि त्या परक्याची जागा वडिलांनी घेतली. मोबाइलने तर चित्र फुकटच केले. आता एका वाढदिवसाची शेदोनशे चित्रे निघतात, आणि त्यांत आईबाप नसतात.

हा रोग जुना आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये मुलगा भालचंद्र याला रोहिताची भूमिका दिली, १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. ती आजही पडद्यावर हसते. परंतु फिल्मला छिद्रे पाडणाऱ्या, ती धुण्यास हातभार लावणाऱ्या आणि साऱ्या मंडळींचे जेवणखाण सांभाळणाऱ्या सरस्वतीबाई तेथे दिसत नाहीत. उलट, १८९५ साली ल्युमिएर बंधूंनी तान्ह्या मुलीच्या न्याहारीचे चित्रण केले, तेव्हा बाप ऑग्युस्त पत्नीसह टेबलाशी बसून तिला भरवीत होता. यंत्र भाऊ लुई चालवीत होता. युक्ती एवढीच, की यंत्र दुसऱ्याच्या हाती द्यावे.

आपल्यासारख्या परप्रांतात नोकरी करणाऱ्यांना तर याची अधिकच गरज आहे. भिलाईत १९५९ साली पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून येथे देशभरातून माणसे येत राहिली. येथे कोणाचा वाडा नाही, ओटा नाही. बदलीचा हुकूम आला की क्वार्टरची किल्ली परत द्यावी लागते आणि त्या स्वयंपाकघरात दुसऱ्याची चूल मांडली जाते. उद्या आपल्या मुलांनी ‘आमचे घर’ म्हणून दाखवायचे काय? आणि साताऱ्याला किंवा अकोल्याला बसलेल्या आजीला नातवंडांबरोबर आपल्या मुलाचे पिकू लागलेले केसही पाहावयाचे असतात, हे आपण विसरतो.

कोणी म्हणेल, “माझा अवतार तरी पाहा! पुढच्या वेळी काढू.” पण मुलांच्या ओळखीची आई याच अवतारातली असते; ती पिठाच्या हातांची, घामेजलेली अशीच त्यांना हवी असते. कोणी म्हणेल, हल्ली सेल्फी आहेच. हात लांब करून काढलेल्या त्या चित्रात चार चेहरे दाटीवाटीने मावतात; बापाच्या खांद्यावर बसलेले मूल मात्र मावत नाही.

माझ्या टेबलावर पेन्शनची प्रकरणे येतात. नियमानुसार पतिपत्नीचे संयुक्त छायाचित्र कागदांना जोडावे लागते. त्यासाठी अखेरच्या क्षणी स्टुडिओकडे धावणारी जोडपी मी पाहिली आहेत; कित्येकांना त्याआधीचे एकत्र चित्र आठवत नाही. पुढे दोघांपैकी एक जातो आणि तेच ताठरलेले, भ्यालेले मुख मोठे करून हाराखाली लावले जाते. सरकारला आपल्या दोघांचे एकत्र चित्र हवे असते. मग मुलांना ते नको असेल काय?

तेव्हा पुढल्या रविवारी मैत्रीबागेत मुलांना पिंजऱ्यासमोर उभे करून आपण दहा पावले मागे सरू नये. शेजारच्या बाकावर कोणी बंगाली किंवा तेलुगू गृहस्थ असेलच. कॅमेरा त्याला द्यावा आणि दोघांनीही मुलांजवळ जाऊन उभे राहावे. कोणीच नसेल तर थोरल्या मुलाच्या हाती द्यावा. चित्र वाकडे येईल, कदाचित आपली डोकी कापली जातील. तरीही ते चित्र पुसू नये. आपला हात मुलाच्या खांद्यावर होता, एवढे त्यातून निश्चित दिसेल.