असिमॉव्हशी इमान कुठे तुटलं

२४ सप्टेंबर २०२१ रोजी ॲपल टीव्ही प्लसवर ‘फाउंडेशन’ ही मालिका सुरू झाली आणि आयझॅक असिमॉव्हच्या वाचकांत उभी फूट पडली. एका बाजूचं म्हणणं असं: साल्व्हर हार्डिन पुरुष होता, त्याची बाई केली, गाल डॉर्निकची केली, एटो डेमरझेलचीही केली. पुस्तकात माणसं समोरासमोर बसून वाद घालतात, इथे पूल कोसळतात आणि जहाजं फुटतात. नाव तेवढं असिमॉव्हचं, आतला माल दुसऱ्याचा. दुसरी बाजू यावर एकच उत्तर देते: तक्रार करणारे सगळे स्त्रीद्वेष्टे आणि वर्णद्वेष्टे. मला या दोन्ही बाजू अमान्य आहेत. पहिली बाजू भलत्याच जागी चिडली आहे आणि तिला हिणवण्याच्या भरात दुसरीने मालिकेतला खरा दोष झाकून टाकला आहे. (पुढे कथानकातली वळणं उघड होणार आहेत. तिन्ही हंगाम पाहिले नसतील त्यांनी सावध असावं.)

चाहत्यांचा राग मी हलका लेखत नाही. या कथा १९४२पासून ‘अस्टाउंडिंग’ मासिकात येत गेल्या, १९५१ साली पहिलं पुस्तक निघालं, आणि समाजाचं भविष्य गणिताने सांगता येतं या त्यातल्या कल्पनेने कित्येकांच्या आयुष्याची दिशा ठरवली. नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन यांनी सांगितलं आहे की या कथांमधल्या हॅरी सेल्डन या गणितज्ञासारखं व्हायचं म्हणून ते अर्थशास्त्राकडे वळले. अशा पुस्तकावर मालिका निघते तेव्हा वाचक जिवाच्या आकांताने पाहणारच.

पण मग राग पुस्तकाच्या आधाराने तरी यावा. साल्व्हर हार्डिन पुस्तकात काय करतो? टर्मिनस या ग्रहावर ज्ञानकोश रचत बसलेल्या पंडितांच्या हातून सत्ता काढून घेतो. शेजारच्या राज्यांना एकमेकांच्या धाकात ठेवतो. विज्ञानाचा धर्म करून तो शेजारच्या ॲनाक्रिऑन राज्यात असा रुजवतो की वेळ आल्यावर तिथलेच सैनिक आपल्या राजसत्तेवर उलटतात. यातली कोणती गोष्ट बाईला करता येणार नाही? पुस्तकात त्याच्या पुरुष असण्याला कथानकातलं एकही काम दिलेलं नाही. १९५१च्या त्या पुस्तकात बायका शोधूनच काढाव्या लागतात, ही त्या काळच्या विज्ञानकथेची उणीव होती आणि असिमॉव्हनेच ती पुढे भरून काढायला सुरुवात केली. ‘फाउंडेशन अँड एम्पायर’मधली बेटा आणि ‘सेकंड फाउंडेशन’मधली चौदा वर्षांची आर्केडी यांना कथेतून काढा, कथा कोसळते. मूळ लेखकाचा हवाला देऊन स्त्री-पात्रांना विरोध करणाऱ्यांच्या बाजूने मूळ लेखकच उभा राहत नाही.

स्फोटांच्या तक्रारीत थोडं तथ्य आहे, पण थोडंच. संवादांवर चालणारं ‘फाउंडेशन’ कानांना पुरतं. बीबीसीने १९७३ साली त्याचं आठ भागांचं नभोनाट्य केलं होतं. पडद्याला चेहरे लागतात, आणि हे पुस्तक तर दर काही प्रकरणांनी दशकांच्या उड्या मारतं. ज्याच्यावर जीव जडावा तो माणूस पुढच्या कथेत मरून गेलेला असतो. मालिका करणाऱ्या डेव्हिड गोयर यांच्यापुढे हीच मुख्य अडचण होती, आणि त्यांनी ती ज्या युक्तीने सोडवली तिच्यावर ‘पुस्तकात नाही’ असा शिक्का मारून चाहते मोकळे झाले. मला ती या मालिकेतली सर्वांत असिमॉव्हनिष्ठ गोष्ट वाटते.

ती युक्ती म्हणजे क्लिऑनचा वंश. आकाशगंगाव्यापी साम्राज्याच्या पहिल्या क्लिऑन सम्राटाने स्वतःचेच क्लोन गादीवर बसवण्याची रीत घातली. एक पहाट, एक दिवस, एक सांज: तीन वयांचे तीन भाऊ, तिघेही तोच माणूस. शतकानुशतकं साम्राज्याचा चेहरा बदलत नाही. सेल्डन सांगतो की साम्राज्याचं पतन अटळ आहे, कारण इतिहास कोट्यवधी माणसांच्या ओघाने चालतो, एका माणसाच्या इच्छेने थांबत नाही. त्याच्यासमोर मालिका असा सम्राट उभा करते ज्याने आपण एकटेच इतिहास थोपवून धरू या हट्टापायी मरणसुद्धा नाकारलं आहे. असिमॉव्हचा सिद्धांत पडद्यावर दाखवायला याहून नेमका प्रतिपक्ष कुठून आणणार?

पहिल्या हंगामाचा आठवा भाग घ्या. हलिमा नावाची धर्मगुरू म्हणते की क्लोनला आत्मा नसतो. आपला अधिकार सिद्ध करायला सम्राट एका उजाड चंद्रावर सामान्य यात्रेकरूंसारखा मिठाच्या वाळवंटातून अनवाणी चालत जातो. ली पेस या नटाने तो सोललेला, तहानलेला, भ्यालेला माणूस असा उभा केला आहे की आपण सम्राटाचे अपराध विसरून त्याच्या पावलांकडे पाहत राहतो. यात्रेच्या शेवटी त्याला दृष्टान्त होत नाही, काहीच दिसत नाही. तो बाहेर येऊन तीन पाकळ्यांचं फूल दिसल्याचं खोटंच सांगतो, जिंकतो, आणि हलिमाला मारण्याचा हुकूम सोडतो. त्याच हंगामाच्या शेवटी कळतं की मूळ क्लिऑनच्या जनुकांतच कुणीतरी फेरफार करून ठेवला होता. ज्या एकसारखेपणावर साम्राज्य उभं होतं, तो एकसारखेपणा आधीच संपलेला आहे. असिमॉव्हच्या पुस्तकात यातलं अक्षरही नाही, पण त्याचा विचार यात पुरता उतरला आहे.

कुब्रा सैतने साकारलेल्या ॲनाक्रिऑनच्या फारा या पात्राबद्दलही हेच म्हणेन. साम्राज्याने तिच्या ग्रहावर बॉम्ब टाकले आणि तिच्या हातात शस्त्र आलं. हिंसा दिसली म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ती हिंसा कुठून आली तेही पाहावं.

आता मालिकेच्या कैवाऱ्यांनी झाकलेल्या दोषाकडे वळतो. समाजाचं भविष्य सांगणाऱ्या सेल्डनच्या ‘सायकोहिस्टरी’ या गणिताचा पाया साधा आहे आणि रसायनशास्त्र शिकलेल्या असिमॉव्हने तो वायूंच्या नियमांवरून घेतला. एक रेणू कुठे जाईल ते सांगता येत नाही. अब्जावधी रेणूंचा वायू कसा वागेल ते सांगता येतं. माणसांचंही तसंच. म्हणून पुस्तकातला हार्डिन थोर ठरतो तो अंगच्या शक्तीमुळे नव्हे. इतर सगळे मार्ग बंद होऊन एकच उरेपर्यंत थांबण्याचा धीर त्याच्याकडे आहे. मालिकेतली साल्व्हर मात्र नाणं कसं पडेल ते आधीच ओळखते, टर्मिनसवरची गूढ तिजोरी फक्त तिलाच हाक मारते. गालला होणाऱ्या गोष्टी आधी जाणवतात. आणि पहिला हंगाम संपता संपता कळतं की साल्व्हर ही गालचीच मुलगी आहे, म्हणजे हे देणं रक्तातून आलेलं आहे! सम्राटाच्या बाजूला मालिका वंशाचा गर्व धुळीला मिळवते आणि टर्मिनसच्या बाजूला त्याच वंशाची आरती करते. हा दोष मालिकेच्या स्वतःच्याच म्हणण्याला छेद देतो. साल्व्हर पुरुष असती तरी तो तसाच राहिला असता. चाहते साप साप म्हणून भुई धोपटत राहिले आणि हा साप बाजूने निघून गेला.

कुणी म्हणेल, असिमॉव्हनेही म्यूल आणलाच ना? मनं वळवणारा तो एकटा सेल्डनचं सगळं गणित मोडतो. खरं आहे, ‘अस्टाउंडिंग’चे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी सेल्डनची योजना मोडायचा आग्रहच धरला होता. पण म्यूल आला १९४५ साली, आधीच्या कथांनी नियम पक्का करून दाखवल्यानंतर. तो अपवाद होता, आणि भीतिदायक होता. मालिकेने नियम दाखवण्याआधीच अपवादांना नायिका केलं.

तिसऱ्या हंगामाच्या अखेरीस तर खरी म्यूल बेटाच निघाली. पुस्तकात मॅग्निफिको हा केविलवाणा विदूषकच म्यूल असतो. बेटाला त्याची मनापासून माया वाटते, त्याने काहीही न करता वाटते. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून प्रेम केलं म्हणून तो तिच्या मनाला हात लावत नाही, आणि त्याच शाबूत मनाने ती त्याला ओळखते व ऐन क्षणी हरवते. तिच्याकडे कसलीही शक्ती नाही, घराणं नाही, नियतीचं बोलावणं नाही. म्यूल बाई आहे याचं मला काहीच वाटत नाही. बेटाची ती साधी माया मात्र मालिकेतून गेली, आणि तिच्याबरोबर असिमॉव्हने म्यूलच्या पराभवाला दिलेलं एकमेव कारणही गेलं.