एअरबॅगची सुरक्षा कोणाच्या वाट्याला?

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी होती, एअरबॅग होत्या. पुढच्या सीटवरचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेल्या मिस्त्री आणि त्यांच्या सहप्रवाशाचा मृत्यू झाला. मागच्या दोघांनी सीट बेल्ट लावला नव्हता, असे तपासात समोर आले. त्यानंतर देशभर एअरबॅगची चर्चा झाली. परंतु ती चर्चा अर्धवट राहिली.

आधी एअरबॅग काम कशी करते ते समजून घेऊ. गाडी जोरात आदळताच सेन्सर वेग एकदम कमी झाल्याचे ओळखतो आणि इन्फ्लेटरला विद्युत संकेत देतो. त्यातून वायू तयार होतो आणि नायलॉनची पिशवी सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षाही कमी वेळात फुगते. डोके आणि छाती स्टिअरिंगवर किंवा डॅशबोर्डवर आपटण्याऐवजी या पिशवीवर येतात आणि पिशवीच्या छिद्रांतून वायू लगेच बाहेर पडतो. म्हणजे धक्का विभागला जातो.

पण ही पिशवी बेल्टला पूरक आहे, पर्याय नव्हे. बेल्ट नसेल तर शरीर पुढे फेकले जाते आणि वेगाने फुगणाऱ्या पिशवीचाच मार बसतो. म्हणून चालकाने स्टिअरिंगपासून किमान २५ सेंटीमीटर अंतर ठेवावे आणि लहान मुलांना मागच्या सीटवरच बसवावे. मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसणे तर जिवावर बेतू शकते. डिसेंबर २०२४ मध्ये वाशीत पुढच्या सीटवरील एका बालकाचा एअरबॅगच्या धक्क्याने मृत्यू झाला, हे विसरता कामा नये.

आता धोरणाकडे पाहू. चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या प्रवाशासाठी २०२१ मध्ये. जानेवारी २०२२ मध्ये सहा एअरबॅगच्या सक्तीचा मसुदा आला. ऑक्टोबर २०२२ ची मुदत वर्षभर पुढे ढकलली गेली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी ही सक्ती करणार नसल्याचे सांगितले. त्याच गडकरींनी आधी विचारले होते की, काही कंपन्या निर्यातीच्या गाड्यांत सहा एअरबॅग देतात, मग भारतीयांसाठी का नाही? प्रश्न रास्त होता, उत्तर मात्र बाजारावर सोडले गेले. क्रॅश चाचणीचे 'भारत एनकॅप' ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाले, पण ते ऐच्छिक आहे. पुढे स्पर्धेमुळे अनेक छोट्या गाड्यांतही सहा एअरबॅग आल्या. तरीही रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या गाड्यांचे, सेकंड हँड गाडी घेऊन टॅक्सी चालवणाऱ्या तरुणांचे काय?

आकडे बोलके आहेत. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. पायी चालणारेही मोठ्या संख्येने होते. यांच्यासाठी गाडीतली कोणतीही एअरबॅग नाही. सीट बेल्ट न लावल्याने त्याच वर्षी १६,७१५ जण गेले. याचा अर्थ एअरबॅग हवीच, पण चांगले रस्ते, फूटपाथ, वेगावर नियंत्रण आणि वेळेवर उपचार याशिवाय रस्ता सुरक्षा म्हणजे गाडी परवडणाऱ्यांपुरती सोय ठरते. संविधानाचे कलम २१ जगण्याचा हक्क देताना खिसा पाहत नाही.

तरुणांनी काय करावे? मागे बसतानाही बेल्ट लावा. तो न लावल्यास १,००० रुपये दंड आहे, पण जीव त्याहून मोठा. पुढे लोखंडी बुलबार बसवू नका. त्यामुळे सेन्सरच्या कामात अडथळा येऊ शकतो आणि २०१७ मध्येच केंद्राने त्यावर बंदीचे आदेश दिले आहेत. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर ती झाकणारे कव्हर टाळा. जुनी गाडी घेताना अपघातात उघडलेली एअरबॅग बदलली आहे का, ते तपासा. ती एकदाच कामी येते. डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा पेटून राहिला तर दुर्लक्ष करू नका.

आणि गावातल्या, वस्तीतल्या संघटनांनी लोकप्रतिनिधींना थेट विचारावे: स्वस्त गाडीतला जीव स्वस्त आहे का?