‘आज नको’ म्हणणारा मुलगा

जुलै संपत आला की आमच्या आपाचा फोन ठरलेला. “अरे, बोट उतरवायचीय. तू ये हां.” मी अंधेरीला राहतो आणि बोट पावसाळाभर वेसाव्याच्या खाडीकाठी उभी असते. माझा भाचा आणि त्याचा कोळी मित्र यांची ती भागीदारीतली बोट. मी जन्मभर जहाजांच्या वर्कशॉपात फिटरचं काम केलं, म्हणून मला हा मान.

1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा तो काळ, आणि दर्याही खवळलेला. तेवढ्यात बोटी वर काढायच्या, शाकारायच्या, फळ्यांचे सांधे भरायचे, रंग द्यायचा, इंजिन खोलून बघायचं. मग 1 ऑगस्टला सगळ्यांनाच एकदम निघायचं असतं. डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांची उचल यांसाठी घेतलेला पैसा पहिल्या फेऱ्यांतूनच फिटतो. या वर्षी आपाने त्यासाठी हातातल्या बांगड्या गहाण ठेवल्या होत्या. एका दिवसाची घाई कुठून येते, ते यावरून समजावं.

आमच्या लहानपणी गावी बोट उतरवायला क्रेन नव्हती. तेल लावलेले ओंडके आडवे टाकायचे, तीस-चाळीस माणसं दोराला लागायची, एक जण हाक द्यायचा आणि बोट वितीवितीने पाण्याकडे सरकायची. आता बोटी मोठ्या झाल्या, इंजिनं जड झाली, आणि चाळीस माणसं एका सकाळी जमत नाहीत. म्हणून क्रेन. पण क्रेन आली तरी भरतीची वाट बघणं सुटलेलं नाही. खाडी गाळाने भरलेली. ओहोटीला बोट खाली सोडली तर ती चिखलात कलंडेल.

भरतीचा हिशेब आमच्या नानांना तोंडपाठ होता. मुंबईच्या किनाऱ्याला अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते, पुढे रोज साधारण पाऊण तास उशिरा. म्हणून तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमीला सहा वाजता. शेजारचे कोळी तिथीने मोजत, नाना चांदाच्या तारखेने, आणि दोघांचं उधाण एकच निघे. चांद एकच तर आहे! मोठं उधाण अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत येतं. आम्ही धरलेला दिवस तसाच होता, पौर्णिमेचा दुसरा. पाणी पावणेएकला भरणार होतं.

क्रेन सकाळी दहाला आली. चालवणारा बीडकडचा मुलगा, पंचविशीचा असेल. कोळीवाड्याच्या गल्लीत एका बाजूला बोंबील वाळवायचे बांबू, वर विजेच्या तारा. त्यातून गाडी काढतानाच तास गेला, आणि भाडं तासावर. त्याने क्रेनचे चारही जॅक जमिनीवर टेकवले, बोटीच्या पोटाखालून पुढे-मागे दोन पट्टे घेतले. भाच्याने सांगितलं, “बोट रिकामी आहे, पंधरा टन.” पट्टे ताणले गेले, बोट अजून टेकूवरच होती, तेवढ्यात क्रेनचा भोंगा वाजू लागला. मुलाने ताण सोडला, खाली उतरला, धक्क्याकडच्या जॅकजवळ बसला. जॅक चार बोटं मातीत गेला होता.

“काका, आज नको,” तो म्हणाला.

भागीदार भडकला. पाणी भरत आलेलं, भाडं चढत चाललेलं. “एवढी मोठी क्रेन आणि पंधरा टन उचलत नाही?” दुसरा क्रेनवाला बोलवू, असंही तो बोलला. इथे मला माझा मान वापरावा लागला.

क्रेनवर लिहिलेला आकडा हा वजन अगदी जवळ असतानाचा असतो. हात जसा लांब पसरावा तशी ताकद उतरते. भरलेली बादली अंगालगत धरून बघा, मग तीच हात लांब करून धरा. तीन मीटरवर पंधरा टन पेलणारी क्रेन नऊ मीटरवर फार तर पाच टन पेलेल, आणि हाताचं स्वतःचं वजन धरलं तर त्याहूनही कमी. बोट धक्क्याच्या कडेपलीकडे न्यायची म्हणजे हात पसरावाच लागणार. पट्ट्यांचंही तसंच. दोन्ही सरळ उभे असले तर प्रत्येकावर निम्मं वजन. पसरून जमिनीशी तीस अंशांपर्यंत आडवे झाले की प्रत्येकावर पुरं वजन येतं, शिवाय बोटीच्या कडा आतल्या बाजूला चेपतात. म्हणून वर आडवी तुळई लावून पट्टे उभे ठेवायचे, आणि मागचा पट्टा पंख्यावर किंवा सुकाणूवर येऊ द्यायचा नाही.

पण भोंगा का वाजला? मी बोटीत चढलो, खणातल्या फळ्या उचलल्या. खाली गुडघाभर पाणी. शाकारलेलं प्लास्टिक कुठेतरी फाटलं होतं आणि दोन महिन्यांचा पाऊस आत साठला होता. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, अर्धा मीटर खोल, म्हणजे सहा घनमीटर. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. पंधरा टनांची बोट एकवीस टनांची झाली होती, आणि पाणी एका जागी राहत नाही. बोट जरा कलली की सगळं त्याच बाजूला धावतं.

तेवढ्यात आपाचा फोन आला. भाच्याने सगळं सांगितलं, भाड्याचंही. तिने एकच विचारलं, “खाली कोण उभं होतं?” भाचा गप्प झाला. बोट फिरू नये म्हणून मागचा दोर धरून त्याचाच चौदा वर्षांचा मुलगा उभा होता, बोटीच्या अगदी सावलीत.

त्या दिवशी बोट उतरली नाही. दुपारी चहा घेताना भागीदार म्हणाला, “जुनी माणसं हातांनी करत होती, आणि ही मशीन घाबरते.” मी त्याला केरळातल्या बेपूरच्या माप्पिला खलाशांची गोष्ट सांगितली. लाकडी जहाजं पाण्यात उतरवणं हा या मुसलमान कामगारांचा पिढीजात धंदा. दोर, कप्पी आणि माणसांनी फिरवायचा रहाट, एवढीच हत्यारं. 8 जुलै 1988 ला पेरुमनच्या पुलावरून आयलंड एक्सप्रेसचे डबे अष्टमुडी तलावात कोसळले, शंभरावर माणसं गेली. ते डबे पाण्याबाहेर काढायला हे खलाशी गेले होते. त्यांचं काम संथ. एकाच्या हाकेवर सगळे ओढतात, त्याच्याच हाकेवर सगळे थांबतात. आमच्या धक्क्यावर त्या सकाळी पाच जण एकदम हात हलवत होते, तो मुलगा कोणाकडे बघणार?

संध्याकाळपर्यंत पंप लावून पाणी उपसलं. नांगर, साखळी, जाळी उतरवली. जॅकखाली लाकडाचे जाड ठोकळे आणि वर लोखंडी पत्रे टाकले, क्रेन धक्क्याच्या ढासळत्या कडेपासून मागे घेतली आणि बोट तिच्याजवळ ओढून आणली. क्रेनच्या मालकाशी बोलून त्याच मुलाने जास्त ताकदीची क्रेन आणली, म्हणजे हात पसरला तरी वजन पेलेल. दुसऱ्या दिवशी दीड वाजता पाणी भरलं. इशारा एकट्या भागीदाराने दिला. दोर दोन्ही बाजूंनी लांबून धरले, बोटीखाली कोणी नाही. दहा मिनिटांत बोट तरंगली. वाळलेल्या फळ्यांमधून पाणी झिरपत होतं, फळ्या फुगेपर्यंत ते झिरपतंच. पंप चालू ठेवला, मगच पट्टे सोडले.

एका दिवसाचं भाडं जास्त गेलं, आणि शेजारच्या दोन बोटी आमच्या आधी निघाल्या. आपाने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. संध्याकाळी तिने त्या मुलाला घरी जेवायला बोलावलं, आणि निघताना डबाही बांधून दिला.

भाच्याने वहीत पुढच्या वर्षीसाठी यादी लिहून ठेवली आहे. पहिली ओळ: खणातल्या फळ्या उचलून बघणे. दुसरी ओळ त्याच्या मुलाच्या अक्षरात आहे: दोर लांबून धरणे.