घर आणि वाहन : मोटारीचे नाक उचलण्यापूर्वी



गुरुग्रामहून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या चिरंजीवांनी गतवर्षी थार गाडी घेतली, आणि आता एका रविवारी इमारतीच्या वाहनतळातच तिचा पुढचा भाग दीड इंच उंच करण्याचा त्यांनी निश्चय केला आहे. त्यासाठी लागणारा 'लेव्हलिंग किट' नावाचा संच घरी येऊन पडला आहे. "हे काम घरी करण्याजोगे आहे काय, आणि मी त्याला करू द्यावे काय?" असे त्या विचारतात. दोन्ही प्रश्नांची उत्तरे सारखी नाहीत. म्हणून हा विषय थोड्या विस्ताराने घेत आहे.

गाडी मुळात पुढे खाली आणि मागे उंच का ठेवलेली असते, हे प्रथम पाहू. निर्मात्याने हिशेब केलेला असतो तो भरलेल्या गाडीचा. मागच्या आसनावर माणसे बसली, सामान चढले, म्हणजे मागचा भाग दबतो आणि गाडी समतल होते. रिकाम्या गाडीचे नाक खाली दिसते ते म्हणून. ते उचलले की गाडी रुबाबदार दिसते हे खरे. परंतु पुढे तीच गाडी चार माणसे आणि ट्रंका घेऊन नाशिकला निघाली, तर तिचे नाक आकाशाकडे राहील. ज्या नाशिकच्या कारखान्यात ती जन्मली तेथील आरेखकांनी हे आधीच पाहिलेले असते, एवढे मनात असू द्यावे.

दिल्लीच्या परिसरात उंचीची हौस केवळ रुबाबाची नाही, हेही मान्य केले पाहिजे. तेथील वसाहतींतील गतिरोधक म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणानुसार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा. गल्लीतल्या रहिवाशांनी एका रात्रीत घातलेल्या सिमेंटच्या उंचवट्याला मात्र प्रमाण ठाऊक नसते. दुसरे कारण पावसाचे. मिंटो पुलाखाली जुलै 2020 मध्ये साचलेल्या पाण्यात एका छोट्या मालगाडीच्या चालकाचा बुडून मृत्यू झाला, ही घटना दिल्लीकर विसरलेले नाहीत. पण येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. चकती घालून उचलली जाते ती गाडीची पुढची बैठक. मागचा आस आणि त्यावरील डिफरन्शियलचा गोळा जिथे होता तिथेच राहतो, कारण आस उंच होतो तो फक्त मोठ्या टायरने. थारची जमिनीपासूनची उंची 226 मिलिमीटर आणि पाण्यातून जाण्याची मर्यादा 650 मिलिमीटर सांगितली जाते; पुढे घातलेल्या चकतीने ही दुसरी मर्यादा वाढली असे समजून कोणीही पुलाखालच्या पाण्यात गाडी घालू नये.

आता रचनेकडे वळू. सगळ्या गाड्यांना एकच उपाय लागू पडत नाही. गुरुग्रामच्याच कारखान्यातून 1985 च्या डिसेंबरापासून निघू लागलेल्या जिप्सीला पुढे-मागे पाटेच होते. तिथे चकतीचा प्रश्न नसून पाट्यांच्या टांगणीचा आहे. पुण्याच्या टाटा सुमोला (हे नाव सुमंत मुळगावकरांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून पडले) पुढे पिळाचा दांडा, म्हणजे टॉर्शन बार होता. तो एका बोल्टने आवळला की नाक वर येते, संच लागत नाही. मिस्त्री हे काम पाच मिनिटांत करतात, आणि मग गाडी खड्ड्यात लाकडी खाटेसारखी आदळते, कारण चाकाला खाली जाण्यास वावच उरत नाही. 2020 च्या ऑक्टोबरात बाजारात आलेल्या नव्या थारला पुढे दुहेरी बाहू आणि त्यांच्यामध्ये स्प्रिंगसह शॉकॲब्सॉर्बर आहे. संचातील धातूची चकती या शॉकॲब्सॉर्बरच्या माथ्यावर, तो चौकटीला जिथे जोडलेला असतो तिथे, बसते. शॉकॲब्सॉर्बर खालच्या बाहूच्या मध्याजवळ टेकलेला असल्यामुळे चकती जेवढी जाड, त्याहून बरीच अधिक उंची चाकापाशी मिळते. पाऊण इंचाची चकती पाहून "एवढीशीच?" म्हणून दोन एकावर एक घालणारे महाभाग या कारणाने फसतात.

काम असे आहे. सपाट, पक्क्या जमिनीवर गाडी उभी करून हातब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंना मोजून कागदावर लिहावे. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत. मग जॅकने उचलून चौकटीखाली दोन स्टॅण्ड, दिल्लीचे मिस्त्री ज्यांना घोडी म्हणतात ते, बसवावेत. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. मे महिन्यात दुपारी डांबर मऊ होऊन जॅकचा पाय हळूहळू रुतताना मी स्वतः पाहिला आहे. गाडी कलली तेव्हा सुदैवाने खाली कोणी नव्हते. तेव्हापासून मी जाड फळीवाचून जॅक लावीत नाही, आणि पत्रलेखिका भगिनींनीही, काम होणारच असेल, तर त्या दिवशी फळी आणि घोडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घरात जाऊ नये.

पुढे स्टॅबिलायझरचे दुवे दोन्ही बाजूंचे सोडावेत. एकच सोडला तर दांडा ताणलेला राहतो. ब्रेकची रबरी नळी आणि चाकाच्या वेगाची तार त्यांच्या पकडींतून मोकळी करावी, म्हणजे बाहू खाली उतरताना ती ओढली जाणार नाहीत. माथ्यावरचे कडेचे नट व खालचा मोठा बोल्ट काढला की शॉकॲब्सॉर्बर बाहेर येतो. माथ्याच्या अगदी मध्यभागी जो एकच मोठा नट दिसतो, त्याला पाना लावायचा नाही. त्याने दाबून धरलेली स्प्रिंग सुटली तर हाताचे वा तोंडाचे काय होईल हे सांगण्याची गरज नाही. काही संचांत चकती स्प्रिंगच्या आतच घालावी लागते. तो संच असेल तर हे काम घरचे नाही. ज्याच्याकडे स्प्रिंग दाबण्याचे यंत्र आहे अशा कारागिराकडेच तो न्यावा.

जोडणी उलट क्रमाने होते, परंतु रबरी बुश असलेले बोल्ट गाडी जमिनीवर टेकल्यावरच पूर्ण आवळावेत. अधांतरी आवळले तर बुश कायमचे पिळलेले राहून लवकर फाटतात. किती बळ लावायचे ते गाडीच्या पुस्तिकेत असते, आणि त्यासाठी टॉर्क पाना लागतो. मनगटाच्या अंदाजावर हे सोडू नये. चौचाकी चालणाऱ्या गाडीत पुढच्या आसदांड्यांचा कोन आता वाढलेला असतो. त्यांच्या सांध्यांवरील रबरी टोप्या फाटल्या, वंगण उडाले, तर वळणावर टक-टक असा आवाज येऊ लागतो. पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासावेत, आणि त्याआधी, म्हणजे त्याच दिवशी, चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी. नाहीतर नवे टायर एका कडेने झिजलेले काही महिन्यांतच दिसतील.

कायद्याविषयी. मोटर वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे कलम काटेकोर लावले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलास दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. आपली चकती यात बसते की नाही याचा निवाडा चिरंजीवांनी स्वतःच करू नये. परिवहन कार्यालयाकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारावे. उत्तर येईपर्यंत संच कपाटात राहिला तर गंजणार नाही. हमीच्या मुदतीतील गाडी असेल तर विक्रेत्यालाही विचारावे.

तेव्हा भगिनींच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर होय असे आहे : ज्याच्याकडे दोन घोड्या, टॉर्क पाना आणि एक जाणता सोबती आहे, त्याला माथ्यावरची चकती घरी बसवता येते. दुसऱ्या प्रश्नाला मात्र, लेखी उत्तर हाती येईपर्यंत नाही.

एक गोष्ट राहिली, आणि ती बहुतेक जण विसरतात. थारच्या पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर 2,450 मिलिमीटर आहे. नाक 40 मिलिमीटर उचलले तर 25 मीटरवर दिव्याचा झोत सुमारे 40 सेंटिमीटर वर जातो, म्हणजे समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या नेमका डोळ्यांत. म्हणून काम सुरू करण्याआधी, आदल्या रात्रीच, गाडी भिंतीपासून आठ मीटरवर उभी करून झोताची वरची कड खडूने आखून ठेवावी. काम झाल्यावर गाडी त्याच जागी उभी करावी आणि दिव्यामागील स्क्रू फिरवून झोत त्या रेषेवर परत आणावा.