मँडेट कागदावर आणा

गेल्या महिन्यात सभासद एजंटांची जी पत्रं आली, त्यांतली बहुतेक एकाच दुखण्याची आहेत. कोथरूडच्या एका सभासदाने जुन्या सोसायटीतला टू-बीएचके विकायला घेतला. शेअर सर्टिफिकेटवरच्या नावातली चूक सोसायटीच्या मागे लागून दुरुस्त करून घेतली, दर रविवारी पार्ट्या फिरवल्या. मग दुसऱ्या एजंटाने वॉचमनकडून मालकाचा नंबर काढला, ‘मी एक टक्क्यात करून देतो’ म्हणाला आणि व्यवहार उरकला. घेणारी पार्टी पहिल्याने घर दाखवलेलीच!

वॉचमन नसता तर इंडेक्स टू होताच. मालकाचं नाव शोधण्यात गैर काही नाही. आधीचा एजंट कामावर आहे हे कळल्यावरही मालकाला फोन करत राहायचं आणि त्या एजंटाची दलाली पाडून बोलायचं, हे गैर आहे.

महारेराकडे दाद मागा, असं अनेकांनी लिहिलंय. तिथे ही तक्रार टिकणार नाही. रेरा कायद्याच्या कलम 9 मधली एजंट-नोंदणी नोंदणीकृत प्रकल्पात प्रवर्तक विकत असलेल्या घरांपुरती आहे. महारेराने 2023 मध्ये एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. एजंटांनी वर्ग केले, पेपर दिले, प्रमाणपत्रं भिंतीवर लावली. ज्या रिसेलवर लहान एजंटांचं घर चालतं, तिथे मात्र या प्रमाणपत्राचा काडीचा उपयोग नाही. परीक्षा घेणाऱ्यांना हे दिसत नाही का?

उरतो 1872 चा करार कायदा. त्यात तोंडी नेमणूकही चालते, पण ती सिद्ध कशी करणार? मुदत ठरलेली असताना मालकाने सबळ कारणाशिवाय मध्येच काम काढून घेतलं, तर कलम 205 प्रमाणे भरपाई मागता येते. तरीही सभासद ‘मालक घरचेच आहेत, कागद कशाला’ म्हणत व्हॉट्सअॅपवरच्या एका ‘ओके’वर महिनोन्‌महिने राबतात. हा भाबडेपणा आता पुरे.

मित्रांनो, मँडेटवर सही घेतल्याशिवाय एकही पार्टी फिरवू नका. मुदत, टक्केवारी, जीएसटी वेगळा की धरून, सगळं लिहा. दाखवलेल्या पार्ट्यांची यादी दर आठवड्याला मालकाला पाठवा. त्यांतल्या कुणी मुदतीनंतर घर घेतलं तरी दलाली द्यावी लागेल, हे कलम घालायला विसरू नका.

आणि घर दुसऱ्याच्या हातात असेल, तर फोन आधी त्या एजंटाला करा, दलाली वाटून घ्या. मालकाने स्वतःहून बोलावलं, तर मँडेट कधी संपतं ते विचारा. आठ दिवस उरले असतील, तर आठ दिवस थांबा.